ऊन चढायच्या आत

[अंधार. हेडटॉर्चच्या उजेडाचे ठिपके एका ओळीत वर सरकताहेत. बुटांची करकर.]

ही करकर ऐकू येते आहे तोवर काळजी नाही. पायाखालचा बर्फ माणसाचं वजन पेलतो आहे.

हिवाळा सरत आला की दिवसा ऊन चांगलंच तापतं आणि बर्फाचा वरचा थर ओला होतो. रात्री आभाळ मोकळं असेल तर हाच थर आपली उष्णता वर सोडून देतो आणि पुन्हा गोठतो. चार-सहा दिवस हे चाललं की कणाला कण धरून वर टणक पापुद्रा तयार होतो. हवा शून्याच्या किंचित वर असली तरीही तो धरतो. उलट रात्रभर ढग राहिले, तर सकाळी सगळं भुसभुशीत. म्हणून आदल्या रात्री लीडर थर्मामीटरपेक्षा आभाळाकडे जास्त वेळा बघतो.

डोंगर तसा ओळखीचा. एका दिवसात जाऊन यायचं, एवढाच बेत. पण नेहमीची वाट बर्फाखाली गेली आहे आणि नेहमीचा वेळेचा हिशेबही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आजही तो वापरतात. मात्र तो आहे उघड्या वाटेचा. गुडघाभर बर्फात तो पार कोलमडतो. म्हणून इथे माथ्याची वेळ ठरवतच नाहीत, परत फिरायची वेळ ठरवतात. ती झाली की जिथे असू तिथून मागे.

[उजाडलं आहे. चढ. पुढच्या माणसाचा बूट जवळून.]

बूट मागे जातो, टोक उतारात ठॉक करून बसतं. एकदा, दोनदा. पायरी झाली. मागच्यानं त्याच पायरीत पाय ठेवायचा, आणि ती मोडू न देता पुढे सरकायचं. पायऱ्यांमधलं अंतर रांगेतल्या सर्वात आखूड ढांगेच्या माणसाला बेतानं पुरायला हवं. उंच माणूस पुढे असला की हे हमखास विसरतो आणि मागून ओरडा खातो. वाट पाडणाऱ्याची लवकरच दमछाक होते. मग तो बाजूला उभा राहतो, रांग पुढे जाऊ देतो आणि शेवटून लागतो. फक्त सर्वात मागे चालणारा, म्हणजे बॅकलीड, आपली जागा सोडत नाही. त्याच्या मागे कुणी उरता कामा नये.

थांबे छोटे. घाम आला की जॅकेट लगेच उघडायचं, कारण थांबल्यावर तोच घाम हुडहुडी भरवतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवलेली असते. पाणी वरच्या बाजूनं गोठायला लागतं, त्यामुळे बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

[डावीकडे रुंद, गुळगुळीत घळ. एक बोट तिकडे वळतं.]

या घळीतून गेलं तर वाट निम्मी होईल. रांगेत कुणीतरी हे बोलून दाखवतंच. लीडर मान हलवतो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि ही घळ नेमकी तसलीच आहे. शिवाय त्यात सापडणाऱ्या ट्रेकरांच्या बाबतीत तो बर्फ बहुधा त्यांच्याच, नाहीतर सोबत्यांच्या वजनानं सुटलेला असतो. सोंडेची वाट लांबची आहे, असू दे.

माथ्यावर फोटोची घाई होते. तिथेही कडेपासून बरंच आत थांबायचं. वाऱ्यानं साचवलेला बर्फ धारेच्या पलीकडे सज्जासारखा अधांतरी वाढतो, आणि तुटताना आपल्याला वाटतं त्यापेक्षा आतून तुटतो.

[भर ऊन. उताराची वाट. आवाज बदलला आहे: फस्स, फस्स.]

पापुद्रा मऊ पडला. आता पाय कुठेही मांडीपर्यंत जातो, विशेषतः खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यांच्या आसपास. ऊन खाऊन खडक तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून पोकळ करतो. अडकलेला पाय हिसका देऊन ओढला की गुडघा दुखावतो. पुढे ओणवं व्हायचं, वजन हातांवर घ्यायचं, कडेचा बर्फ पायानं दाबत भोक मोठं करायचं, मग पाय सावकाश काढायचा. मागचे हसतात. पुढच्या वळणावर त्यांचीही पाळी येतेच.

मोकळ्या उतारावर बसून घसरायचा मोह सगळ्यांना होतो. खाली कडा किंवा दगड नसतील तर हरकत नाही, पण आधी बुटांचे स्पाइक्स काढायचे. घसरताना एखादा दात बर्फात रुतला तर बूट तिथेच राहतो आणि अंग पुढे जातं. घोटा मोडतो तो असा.

पायथ्याशी डोकी मोजून होतात, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधलेले गेटर्स सुटतात. एकजण मात्र संध्याकाळी डोळे चोळत बसेल. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यानं गॉगल कपाळावर चढवला होता. त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. चोळायचं नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढायच्या, अंधाऱ्या खोलीत गार पट्ट्या ठेवायच्या. दोन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टर गाठायचा.