आधी हात, मग स्टिअरिंग

मित्रहो, स्पोर्ट्स कार घेतली की थोड्याच दिवसांत स्टिअरिंग बदलायची हुक्की येते. टायरवर किंवा सस्पेन्शनवर केलेला खर्च गाडीच्या खाली दडून राहतो, स्टिअरिंग मात्र गाडीत बसल्याक्षणी हातात येतं. त्या हौसेला माझा विरोध नाही. पण ज्या तक्रारीसाठी लोक नवं स्टिअरिंग आणतात, तिचं मूळ बहुतेकदा सीटमध्ये सापडतं. ते आधी तपासलं तर कदाचित पैसे वाचतील, आणि नाही वाचले तरी नेमकं काय घ्यायचं ते कळेल.

तपासणी सोपी आहे. पाठ आणि दोन्ही खांदे सीटला टेकवा, हात सरळ पुढे करा. मनगट रिमच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या गोल कड्याच्या, माथ्यावर टेकलं पाहिजे. तिथवर फक्त बोटंच पोहोचत असतील, तर तुम्ही लांब बसला आहात. मग हात खाली आणून घड्याळात पावणेतीन वाजल्यावर काटे असतात तिथे ठेवा. कोपर आपोआप वाकतील आणि खांदे सैल पडतील. मात्र जवळ सरकण्यालाही मर्यादा आहे. छातीचं हाड आणि एअरबॅगचं झाकण यांच्यात किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था सांगते. पाय नीट पोहोचतील असं बसलं की हात लांब पडतात, अशी अडचण काही गाड्यांत खरोखर येते. तिथे खोल डिशचं, म्हणजे चालकाच्या बाजूला पुढे आलेलं स्टिअरिंग घेण्याला अर्थ आहे.

आता पावणेतीनच का? तुमच्यापैकी अनेकांना ‘दहा वाजून दहा मिनिटं’ असं शिकवलं गेलं असेल. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांत, भल्यामोठ्या रिमला वरून खाली ओढताना त्या जागी ताकद लावायला सोपं जायचं. आता रिमच्या मधोमध एअरबॅग असते आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. हात रिमच्या वरच्या भागावर असले, तर ते थेट तोंडावर फेकले जातात. एक हात माथ्यावर टाकून रेलून गाडी चालवणाऱ्यांचं तर विचारूच नका.

पण सुरक्षितता बाजूला ठेवली तरी पावणेतीनची जागाच सरस ठरते. दोन्ही हात व्यासाच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. रस्त्यावरची बहुतेक वळणं हात न उचलता पार होतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, पुढची चाकं किती वळली आहेत हे हातांच्या स्थितीवरूनच कळतं. गाडी मागून घसरली आणि उलट दिशेला स्टिअरिंग द्यावं लागलं, तर ‘सरळ’ कुठे आहे हे शोधायला त्या क्षणी सवड नसते. अंगठे स्पोकच्या, म्हणजे मध्याला रिमशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, वर हलके टेकू द्या. खडकाळ वाटेवर मात्र ते रिमच्या आत अडकवू नका, कारण चाक दगडावर आपटलं की स्पोक उलटा येऊन अंगठ्यावर बसतो. एका हाताने ढकलून दुसऱ्याने ओढायची, ब्रिटिश पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात रुजलेली पद्धतही वाईट नाही. अरुंद गल्लीत, पूर्ण वळण घेताना ती उपयोगी पडते.

आणि मूठ आवळू नका. हे मी जरा विस्ताराने सांगतो. वळणात टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळला जातो आणि बाजूचा जोर त्या भागाच्या मध्यापेक्षा थोडा मागे लागतो. म्हणूनच सोडलं की स्टिअरिंग स्वतःहून सरळ होऊ पाहतं. टायरची पकड संपत आली की हा जोर पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं पडू लागतं. गंमत अशी, की हे हलकेपण पकड पूर्ण सुटण्याच्या आधीच जाणवतं. म्हणजे पुढचे टायर आगाऊ सूचना देत असतात. घट्ट आवळलेल्या मुठीला ती ऐकू येत नाही, आणि हल्ली आवडीने घेतल्या जाणाऱ्या जाडजूड, गुबगुबीत रिममधून ती येता येताच विरते.

मापाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे: लहान स्टिअरिंग लावलं की गाडी ‘क्विक’ होते. स्टिअरिंगचं गुणोत्तर, म्हणजे ते किती फिरवल्यावर चाकं किती वळतात, हे रॅकमध्ये (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यात) ठरतं आणि रिम बदलून ते बदलत नाही. 370 मिलिमीटरऐवजी 330 मिलिमीटरचं रिम लावलं, तर अर्ध्या फेरीसाठी हाताला 58 ऐवजी 52 सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. त्याची किंमत म्हणून जोर साधारण 12 टक्के जास्त लागतो. शिवाय लहान रिम बऱ्याचदा स्पीडोमीटरच्या नेमकं आड येतं. 350 हा मला समजूतदार मध्य वाटतो. खालून सपाट कापलेलं रिम अर्ध्या फेरीत काम भागणाऱ्या रेसिंग गाड्यांना शोभतं. पार्किंग करताना तो सपाट भाग हाताखाली येतो, तेव्हा हाताला गोल रिमचीच आठवण होते.

आता नको वाटणारा भाग. बाजारातल्या बहुतेक हौशी स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नसते. सीटबेल्ट आहे ना, असं उत्तर मिळतं. पण आधुनिक बेल्ट एका मर्यादेनंतर मुद्दाम थोडा सैल सोडला जातो, तो पुढे एअरबॅग आहे हे गृहीत धरूनच. ती काढली की उरलेला बेल्ट अर्धवट यंत्रणेचा भाग होतो. अनेक देशांत असा बदल बेकायदा आहे आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे रोजच्या वापरातल्या, एअरबॅग असलेल्या गाडीत मूळ रिमवरच चांगलं चामडं चढवून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. अल्कांटारा, म्हणजे मखमली चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम कापड, दिसायला देखणं असतं, पण हाताचं तेल लागून गुळगुळीत होतं.

मुळात एअरबॅग नसलेली जुनी गाडी किंवा फक्त ट्रॅकवर जाणारी गाडी असेल, तर पुढचं ऐका. मोमो, स्पार्को, ओएमपी या कंपन्यांच्या स्टिअरिंगचे सहा बोल्ट 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्डीचे 74 वर. फरक दिसत नाही, पण बोल्ट बसत नाही. हब अडॅप्टर, म्हणजे नवं स्टिअरिंग गाडीच्या दांड्याला जोडणारा भाग, त्याप्रमाणेच घ्या, भोकं वाढवण्याचा उद्योग करू नका. जुनं स्टिअरिंग उपसताना मधला नट दोन-चार आटे राहू द्या. नाहीतर अडकलेलं स्टिअरिंग अचानक सुटतं आणि ओढणाऱ्याचं नाक फोडतं. दांड्यावरचे दात एक घर चुकून स्टिअरिंग वाकडं बसलं, तर पुन्हा काढून नीट बसवा. रॅकला चाकांशी जोडणारे टायरॉड फिरवून ते सरळ दिसेल, पण रॅकचा मध्य सरकेल. नट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे सांगितलेल्या पिळाच्या जोरानेच, आवळा. शेवटी गाडी उभी असतानाच स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, हॉर्न वाजवा आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का पाहा. तो बंद करणारी खुंटी बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या पाठीला असते, आणि स्वस्त अडॅप्टरमध्ये हमखास तीच गायब असते.