आधी खोड, मग कुंडी

नमस्कार श्रोतेहो.

बोन्साय म्हटलं की डोळ्यांपुढे उथळ, पसरट कुंडी आणि तिच्यातलं वीतभर झाड उभं राहतं. मग हौसेनं रोप आणलं जातं, तशीच देखणी कुंडी घेतली जाते आणि पहिल्याच दिवशी रोप तिच्यात बसवलं जातं. पाच वर्षांनी बघावं तर झाड जगलेलं असतं, हिरवंगार असतं, पण खोड मात्र पेन्सिलीएवढंच. उथळ कुंडीत मुळांना जागा नाही, म्हणून पाला बेताचा. पाला बेताचा, म्हणून खोड भरत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की बोन्सायची कुंडी सगळ्यात शेवटी घ्यावी.

खोड जाड होतं ते पानांच्या जिवावर. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं आणि त्यावर लाकडाचा नवा थर चढतो. ज्या जागेच्या वर पाला जास्त, ती जागा लवकर भरते. म्हणून रोप जमिनीत नाहीतर ऐसपैस कुंडीत लावायचं, खतपाणी द्यायचं, आणि हात कितीही शिवशिवले तरी शेंडा खुडायचा नाही. बुंध्याजवळची एखादी फांदी तर मुद्दाम मोकाट सोडायची. माणसाच्या डोक्यावर गेली तरी जाऊ द्यायची. तिला पुढे कापायचंच असतं. तोवर बुंधा भरणं हे तिचं काम.

मनासारखी जाडी आली की खोडच कापायचं. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. पण सरळसोट खांबासारखं खोड जुनं वाटत नाही, ते वर निमुळतं होत जायला हवं. म्हणून एखाद्या खालच्या फांदीच्या किंवा डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, किंचित वर तिरका काप घ्यायचा, त्या फांदीला नवा शेंडा करायचं, ती जाड होऊ द्यायची आणि पुन्हा कापायचं. दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी अंतर सोडायचं. वड, पिंपळ, उंबर यांच्या नुसत्या थोटावरही कोंब फुटतात. सुईसारख्या पानांच्या पाइनचं तसं नाही. जिथे एकही हिरवी सुई उरली नाही, तिथून तो सहसा पुन्हा फुटत नाही. त्याला कापताना खाली हिरवा भाग आहे ना, हे आधी बघून घ्यायचं.

मुळांचं काम याच काळात सोबत चालतं. दर दोन-तीन वर्षांनी झाड उपसायचं, खाली सरळ जाणारं जाड मूळ छाटायचं आणि बाजूची मुळं बुंध्याभोवती चौफेर पसरून लावायची.

आता तार. ॲल्युमिनियमची तार हाताला मऊ, नवख्यानं तीच घ्यावी. फांदीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा जाडीची तार पुरते. आधी खोडाला एक-दोन वेढे देऊन ती पक्की करायची, मग पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या वेढ्यांनी फांदीवर चढवायची. वाकवताना दोन्ही अंगठे आतल्या बाजूला टेकवायचे आणि तारेचा वेढा वळणाच्या बाहेरच्या अंगाला येईल असं बघायचं, कारण साल फाटते ती तिथेच. बारीक करकर ऐकू आली की थांबायचं. फांदी त्या वळणात कायमची बसते ती नवं लाकूड चढल्यावर. आणि तेच लाकूड फुगून तार सालीत रुतवतं. वड-पिंपळासारख्या फायकसला जोमाच्या वाढीत हे काही आठवड्यांत होतं, पाइनला कित्येक महिने लागतात. तेव्हा रोज पाणी घालताना तारेवर नजर टाकायची. आणि काढताना ती उलगडत बसायची नाही, वेढ्यावेढ्यानं कापून काढायची. वाचवलेल्या तारेपेक्षा मोडलेली फांदी महाग पडते.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असं म्हणणारे भेटतातच. त्यांना हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा पाइन दाखवावा. हे झाड 1625 पासून बोन्साय म्हणून सांभाळलं गेलंय. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होतं. 1976 मध्ये जपाननं अमेरिकेला जे 53 बोन्साय भेट दिले, त्यांत ते वॉशिंग्टनला गेलं. छळ होणारं झाड इतकी वर्षं काढत नाही.

खोड, मुळं आणि मुख्य फांद्या बसल्या की मगच उथळ कुंडी. खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी. मातीचा निचरा चांगला हवा. इथून पुढे जाडी वाढवायची नाही, बारीक डहाळ्या वाढवायच्या. कोंब सहा-आठ पानांचा झाला की दोन पानांवर छाटायचा. प्रत्येक छाटणीनंतर एका टोकाची बहुधा दोन टोकं होतात आणि पानंही हळूहळू लहान येऊ लागतात. फुलं-फळं मात्र अशी लहान होत नाहीत. म्हणून फळझाड करायचं असेल तर मुळातच बारीक फळांची जात निवडा. नाहीतर वीतभर झाडाला पूर्ण वाढीचं संत्रं लोंबायचं आणि तुम्हाला फांदीखाली टेकू लावत बसावं लागायचं.