हँडलच्या मशीनला स्टिअरिंग जोडताना

[दृश्य : पहाट. गोसीखुर्द धरणाचा फुगवटा, पाण्यात उभी वाळकी झाडं. काठाला दोन नावा.]

वैनगंगेच्या या पाण्यावर वल्ह्याचे डोंगे आहेत, तशा आउटबोर्ड मशीन, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं इंजिन, लावलेल्या फायबरच्या नावाही आहेत. मशीन घेताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात. त्याआधी ठरवायला हवं ते हे, की ती चालवायची कुठून? मागे बसून हँडलनं, की पुढे बसून स्टिअरिंगनं?

जाळं टाकायला दोघंच जात असतील आणि मशीन १०-१५ हॉर्सपॉवरची असेल, तर हँडलच बरं. वळण आणि वेग एकाच हातात राहतात, जलपर्णी पंख्यात गुंतली तर मशीन तिथल्या तिथे उचलता येते. माणसांची ने-आण करणाऱ्या किंवा पुरात बचावाला जाणाऱ्या मोठ्या नावेत मात्र चालकाला पुढचं खोड वेळेत दिसायला हवं. तिथे स्टिअरिंग लागतं. पण कुठल्याही मशीनला कुठलंही स्टिअरिंग बसत नाही.

[दृश्य : मागच्या फळीवर मोजपट्टी.]

नावेची मागची फळी मधोमध मोजा. १५ इंचाला शॉर्ट शाफ्ट म्हणजे आखूड दांड्याची मशीन, २० इंचाला लाँग शाफ्ट म्हणजे लांब दांड्याची. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या बरोबरीनं किंवा इंचभर खाली यावी. ती वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो; मशीन ओरडते, नाव पुढे सरकत नाही.

[दृश्य : मशीनची आडवी नळी, जवळून.]

आता ही नळी बघा. मशीन जिच्यावर वर उचलली जाते ती टिल्ट ट्यूब. स्टिअरिंग केबलची ५/८ इंची सळई हिच्यातून जाते आणि केबलचा ७/८ इंची नट हिच्या तोंडावर बसतो. हँडलच्या काही लहान मशीनना तशी नळीच नसते. म्हणून पैसे देण्याआधी इथे बोट घालून बघा. सळईला मशीनशी जोडणारा लिंक आर्म त्याच मॉडेलचा घ्या, वेल्डिंग करून बनवलेला अजिबात नको. बोल्टला लॉकनटच लावा. साधा नट थरथरीनं सुटतो. मग भर पाण्यात चाक फिरतं आणि नाव सरळच जाते.

केबलची लांबी अंदाजानं घेऊ नका. चाकाच्या मध्यापासून नावेच्या कडेपर्यंत, कडेनं मागच्या फळीपर्यंत आणि तिथून मशीनच्या मध्यापर्यंत, अशी तीन मापं. समजा २०, ९० आणि ३० इंच, म्हणजे १४०. काटकोनी वळणामागे ४ इंच वजा, दोन वळणांचे ८. टिल्ट ट्यूबसाठी ६ मिळवा. झाले १३८ इंच, म्हणजे साडेअकरा फूट. केबल १२ फुटांची आणा. कुठलंही वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा लहान नको, नाहीतर चाक जड होतं.

[दृश्य : कंट्रोल बॉक्स उघडा, दोन केबल.]

कंट्रोल बॉक्स, म्हणजे गिअर आणि वेगाची लिव्हर असलेला डबा, शक्यतो मशीनच्याच कंपनीचा असावा. काही मशीनचा थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी झडप, केबल ओढल्यावर उघडतो, काहींचा ढकलल्यावर. वायरिंगच्या प्लगच्या पिनाही वेगळ्या असतात. गिअरमध्ये असताना मशीन सुरू होऊ न देणारा न्यूट्रल स्विच जोडलेलाच हवा. तो टाळून थेट वायर जोडली, तर काठावरून नावेत चढणाऱ्या माणसांसकट नाव झेपावते.

चावी काढून आधी गिअरची केबल जोडा, मग थ्रॉटलची. लिव्हर न्यूट्रलला, पंखा हातानं मोकळा फिरायला हवा. गिअरची केबल हलकेच ओढून, ढकलून तिच्या ढिलाईचा मध्य शोधा आणि टोकाचा जोड फिरवून त्या मध्यावर बसवा. जोडात आटे किमान ८ मिलिमीटर गेलेले हवेत. आता पुढचा गिअर, मग मागचा. दोन्हीकडे पंखा अडकला पाहिजे. अर्धवट अडकला तर आतल्या क्लचचे दात झिजतात आणि काही दिवसांनी जोर दिला की गिअर सुटू लागतो. हा खर्च मोठा असतो, म्हणून इथे घाई नको.

[दृश्य : ग्रीसगन.]

उन्हाळ्यात पाणी उतरतं, नाव महिनोन्महिने काठावर धुळीत पडून राहते, ग्रीस सुकतं आणि पावसाळ्यात चाक हलत नाही. टिल्ट ट्यूबला ग्रीस भरताना सळई पूर्ण आत घेतलेली असावी. बाहेर असताना भरलं, तर ग्रीस कोंडून सळई आत येत नाही आणि स्टिअरिंग अडकतं.

पाण्यात उतरण्याआधी चाक उजवीकडे फिरवा. पंखाही उजवीकडे गेला पाहिजे. मग मशीन पूर्ण उचला आणि चाक दोन्ही टोकांपर्यंत न्या. कुठे केबल ताणली, तर तिचा मोकळा वळसा वाढवा आणि पुन्हा बघा.