आजी कोणत्या सालची?

अध्यक्षांनी मघाशी विषय वाचून दाखवला, ‘कुलवृत्तांतातल्या बायका’, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीतल्या. त्याकडे येतोच. आधी हात वर करा बघू, आपल्या आजीचं माहेरचं नाव किती जणांना ठाऊक आहे? आडनाव नव्हे, नाव. चार! त्यातल्या दोघी स्वतःच आज्या दिसताहेत, त्यांनी आपलं स्वतःचं धरू नये.

माझ्या आजीला जन्मतारीख नव्हती. रेशनकार्डावर वय होतं, पण ते कारकुनानं तिच्या तोंडाकडे बघून टाकलेलं. तिचं पंचांग वेगळं होतं. लग्न शेंडेनक्षत्र दिसलं त्या वर्षी, म्हणजे १९१० चा धूमकेतू. तेव्हा नववं सरलेलं. सासरे मानमोडीत गेले, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. थोरला काका टिळक गेले त्या पावसाळ्यातला. हिला निरक्षर कोण म्हणेल?

हिशेब तर विचारूच नका. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, कानानं पाठ. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा मी आठ वर्षांचा. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, पण सुटा एक आणा द्यायचा तर सहाच. आजी म्हणाली, “सहा चोक चोवीस. मग पंचविसावा कुणाचा?” झालं! चार आण्यांची चहापूड आणायची तर मला चार खेपा. प्रत्येक वेळी आण्याची पुडी. तिसऱ्या खेपेला वाणी वैतागला, “आजीला सांग, एकदाच ने.” आजीचं उत्तर घेऊन मी चौथ्यांदा हजर, “ती म्हणते, दिल्लीला कळवा.” यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, त्याचे चांभाराला दोन आणे गेले. ते आजीनं हिशेबात धरले नाहीत. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हसू नये, तुम्हीही असलं काही धरत नाही. वाचलेले पैसे ती जिऱ्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

तो डबा पानशेतच्या पुरात गेला. १२ जुलै १९६१. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही. गंमत बघा, घरात आढ्यापर्यंत पाणी येऊन गेलेलं आणि दुसऱ्या दिवशी प्यायला घोटभर नाही, कारण पुण्याला पाणी खडकवासल्याचंच. आजी गाळात हात घालून डबा शोधत होती. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी एक म्हातारा उभा राहून कुणाला तरी हाका मारायला लागला. दोन अक्षरी नाव, आमच्या वाड्यात त्या नावाचं कुणीच नव्हतं. आम्ही पोरं सांगायला निघालो, आजोबा, घर चुकलात. आणि आमची आजी, जी गुडघे धरून जिना चढायची, ती त्या चिखलातून परकरी पोरीसारखी पळाली. तो तिचा भाऊ होता. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव काढलं, त्याला एक्कावन्न वर्षं झाली होती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्दा. आमच्या कुलवृत्तांतात पुरुषांची जन्मसालं आहेत, हुद्दे आहेत, एका चुलत पणजोबांना मूळव्याध होती हेही आहे. बायकोला एक ओळ, तीही सासरच्या नावाची. तेव्हा आज्यांना साल विचारू नका, ‘तेव्हा काय झालं होतं’ ते विचारा. दुष्काळ, पूर, नवे पैसे, मिळेल तो खुंटा धरा. तिच्या माहेरच्यांना गाठा, कोण कोणत्या नावानं हाक मारायचं ते लिहून घ्या. गावच्या जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, बघा. वारसनोंदीत, हक्कसोडपत्रात बहिणी सापडतात. हक्क सोडायला नाव लागतंच ना!

मी आजीचं नाव नव्या आवृत्तीसाठी पाठवलं. छापूनही आलं. दोन अक्षरांतलं एक चुकलंय. संपादक म्हणतात, शुद्धिपत्र पुढच्या आवृत्तीत. मागची आवृत्ती निघाली तेव्हा मी नोकरीत होतो.