आबांच्या रायफलीचा दस्ता

(दृश्य: अंगणातली खाट. गोणपाटावर नुसता लाकडी दस्ता.)

हा आमच्या आबांच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. रायफल नाही, नुसतं लाकूड. नळी, बोल्ट, चाप हे सगळं लोखंड जळगावात एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे आहे, त्याच्या वहीत नोंद होऊन. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दुरुस्त करायचा वेगळा. आमच्या घरच्या नानांकडे पहिला आहे, दुसरा नाही. म्हणून घरी आलं ते फक्त लाकूड.

गाव चोपडा तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये केळी आणि कपाशी.

रायफल 315 बोअरची, बंगालमधल्या इशापूर कारखान्याची. घडण सैन्याच्या ली-एन्फिल्डसारखीच, पण काडतूस वेगळं. सैनिकांची 303 ची काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत, हा इंग्रजांचा हिशेब. त्यामुळे शिकारीच्या रायफलींना 315 आलं आणि इंग्रज गेल्यावरही तेच चालू राहिलं. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आबांची शिकार थांबली. पुढे ही रायफल मक्यातली रानडुकरं आवाजानं पांगवायच्या कामाची राहिली. मग तेही बंद झालं.

(दृश्य: आजी ओट्यावर.)

आजी एक गोष्ट नेहमी सांगते. आबा रायफल उडवून आले, की आधी चुलीवर पाणी चढवायला लावायचे. तिला वाटायचं, आंघोळीला. आबा ते उकळतं पाणी नळीतून ओतायचे! मग नळी कोरडी करून तेलाचा बोळा. वेडेपणा नव्हता तो. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत मिठासारखा क्षार उरतो, हवेतली ओल ओढतो आणि लोखंड खातो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आबांनंतर पाणी कोणी ओतलं नाही. त्यात दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की रायफल ठाण्यात जमा. तिथून ती ओल धरूनच परत यायची. दुरुस्तीवाल्यानं नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, आत खड्डे पडलेत, ही आता उडवायची नाही.

नानांना निदान बाहेरून तरी ती चकाचक हवी होती. दुरुस्तीवाल्यानं बफ मारायला, म्हणजे घासून चमकवायला, साफ नकार दिला. लोखंडावरचा तो निळसर काळा थर गंजापासून राखतो, तो एकदा घासला की गेला. आणि त्याच्यासोबत नंबर पुसट झाला तर? बंदुकीवरचा नंबर खोडणं हा गुन्हाच आहे. त्यानं पातळ तेलानं पुसून लोखंड ठेवून घेतलं आणि दस्ता आमच्या हाती दिला.

(दृश्य: नानांचे हात, काचेचा तुकडा.)

दस्त्यावर कोणीतरी मधल्या काळात वॉर्निश थापलं होतं. नानांनी ते काचेच्या तुकड्यानं खरवडलं, आमच्याकडचे सुतार खरवडतात तसं. पॉलिशपेपर नंतर, तोही रेषेच्या दिशेनंच. खाली लाकूड काळं निघालं, वर्षानुवर्षं मुरलेलं तेल. त्याला खडूची भुकटी फासून उन्हात ठेवलं. चैत्रातलं खान्देशी ऊन! तासाभरात लाकडातून तेल वर आलं आणि पांढरी भुकटी पिवळी पडली. चार वेळा हेच.

मग पोचे. जिथे लाकूड नुसतं दबलंय, तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा भरून येतो. मला हे खरं वाटलं नव्हतं. डोळ्यांसमोर सहा-सात पोचे उठले. एक मात्र उठला नाही. तिथे तंतू दबलेले नव्हते, कापले गेले होते.

शेवटी तेल. जवसाचं, उकळलेलं, रंगाच्या दुकानात याला बेलतेल म्हणतात. अगदी थोडं घ्यायचं, तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई केली की चिकट होतं. आम्ही घाई केली, दोन दिवस फुकट गेले.

आणि एक चूक माझी. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून मी गोठ्याशेजारी, कडब्याजवळ टाकला. दुपारी त्यातून धूर! जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. पसरलेल्या फडक्यातून ती ऊब निघून जाते, बोळ्यात कोंडते. काकूनं बादली ओतली आणि मला जे ऐकवलं, ते या चित्रफितीत ठेवलेलं नाही. तेव्हापासून चिंध्या पाण्याच्या डब्यात.

(दृश्य: ओट्यावर शेजारचे आप्पा.)

आप्पा रोज डोकवायचे. एके दिवशी न राहवून म्हणाले, "नाना, आते हाई बंदूक कोणले लागस?" नाना चोळतच राहिले.

(दृश्य: संध्याकाळ. जोडून परत आलेली रायफल.)

परवान्यावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर नानांनी चष्मा लावून दोनदा ताडून पाहिला. मग बोट त्या न उठलेल्या घावावर गेलं. तिथे भुसा आणि डिंक भरू, असं मी म्हणालो होतो. त्यांनी भरू दिला नाही.

काकू आता जुन्या गोधडीची खोळ शिवतेय. पुढच्या आचारसंहितेला रायफल ठाण्यात जाईल, ती या खोळीत.