तिखट ही चव नव्हे

(दृश्य: दाताखाली तुटणारी मिरची, अगदी जवळून)

मिरचीचा एक तुकडा. क्षणात जीभ भाजते, डोळ्यांना पाणी सुटतं, कपाळाला घाम फुटतो. चटका बसल्यावर शरीर जसं वागेल, अगदी तसंच. जिभेचं तापमान मात्र होतं तेवढंच आहे.

मग हा चटका आला कुठून?

मिरचीतल्या तिखट रेणूचं नाव कॅप्सेसिन. तो चेतापेशींना चेतवतो हे ठाऊक होतं. कशाच्या मार्फत, ते उमगत नव्हतं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं वेदना जाणणाऱ्या चेतापेशींतली जनुकं गठ्ठ्यागठ्ठ्यानं उचलली आणि कॅप्सेसिनला अजिबात दाद न देणाऱ्या पेशींत सोडली. सोबत कॅल्शियम वाढलं की चमक बदलणारा रंग. आता वर कॅप्सेसिन सोडायचं आणि पाहत राहायचं.

(दृश्य: काळ्या पडद्यावर फिकट ठिपके. त्यातले मोजकेच उजळतात.)

उजळणारा गठ्ठा लहान लहान करत ते एकाच जनुकापाशी पोहोचले. साल होतं १९९७.

या जनुकापासून बनणारं प्रथिन, टीआरपीव्ही-१, म्हणजे पेशीच्या पटलातलं एक दार. सुमारे ४३ अंश सेल्सियसला ते आपोआप उघडतं, कारण तेच उष्णतेचं दार आहे! कॅप्सेसिन पटलात शिरून त्याला आतल्या अंगानं धरतं आणि तापमान वाढलेलं नसतानाही उघडतं. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. दार उघडताच ते आणि सोडियम आत लोटतात, चेतातंतूतून विद्युतसंदेश सुटतो. दार कुणी उघडलं हे मेंदूला कळायला वाव नाही. त्याच्या लेखी निरोप एकच: भाजलं.

मेंथॉल थंडीचं दार उघडतं. ते २००२ मध्ये सापडलं. मोहरीची तऱ्हा आणखी निराळी. दाणा चिरडल्यावरच तिचा झोंबरा रेणू तयार होतो, आणि तो तिसऱ्याच दाराशी थेट रासायनिक बंध जोडतो.

(दृश्य: मिरचीच्या झुडपावर उतरलेला पक्षी)

पक्ष्यांकडेही उष्णतेचं दार आहे, पण त्याची घडण जराशी वेगळी. कॅप्सेसिन तिथं टिकत नाही. त्यामुळे पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया न चावता दूर नेऊन टाकतात. ज्यांच्या दाढा बिया भरडतील, त्या सस्तन प्राण्यांना मात्र चटका बसतो. वनस्पतीनं आपला गिऱ्हाईक किती नेमका निवडलाय!

आणि कॅप्सेसिनचा मारा फार झाला तर? आत साचलेलं कॅल्शियमच दाराला बधिर करतं. मात्रा मोठी असेल तर त्वचेतली चेतातंतूंची टोकं काही काळ मागे सरतात. नागीण बरी झाल्यावरही मागे उरणाऱ्या वेदनेवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी वापरतात, ती याच आधारावर. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती तासभर लावायची. आधी आग होते. मग, अनेकांच्या बाबतीत, पुढचे काही आठवडे ती जागा शांत राहते.

(दृश्य: पडद्यावरचे उजळ ठिपके हळूहळू मावळतात.)