पैठणीवर मोरच का? मराठवाड्यातल्या कारागिरांना नक्षी सुचते कुठून

नमस्कार मंडळी!

हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठावर गेलात, तर लांबवर पाण्यात गुलाबी पट्टा दिसतो. रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. जायकवाडीचा हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. आणि धरणापासून हाकेच्या अंतरावर, गावात, पैठणीचे माग चालू असतात. आता मला सांगा, पैठणीच्या पदरावर रोहित कुणी पाहिलाय? मोर असतो, कमळ असतं, काठावर मुनिया असतात, म्हणजे ते इवले इवले पोपट. मग दरवर्षी डोळ्यांसमोर येणारा पाहुणा पदरावर का येत नाही?

[पडद्यावर: बांगडीमोराचा पदर, जवळून]

कारागिराला प्रेरणा कुठून मिळते असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: निसर्गातून. ऐकायला छान वाटतं. पण मागाशेजारी थोडा वेळ बसलात तर कळतं, की नक्षीत निसर्ग असतो चार आणे. उरलेले बारा आणे माग आणि गिऱ्हाईक ठरवतं.

आधी माग बघू. कापडात दोनच दिशा असतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. पैठणीच्या पदराची जमीन जरीची, आणि तिच्यात रंगीत रेशमाची नक्षी. ही नक्षी वरून भरलेली नसते, ती कापडाबरोबरच विणली जाते. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी. विणकर मोजून तेवढ्याच उभ्या धाग्यांतून ती फिरवतो, शेजारचा रंग आला की दोन्ही धागे एकमेकांत अडकवतो आणि मागे फिरतो. एक ओळ झाली की पुढची. म्हणून पदराची उलटी बाजूही जवळपास सुलटीसारखीच दिसते. साधा पदर असेल तर काही आठवडे जातात, भरगच्च असेल तर कित्येक महिने.

आता या पद्धतीत गोल रेघ कशी काढणार? काढता येतच नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढते आणि उतरते. बांगडीमोर नीट बघा: बांगडीच्या गोलात बसवलेला, आटोपशीर, पिसारा, मान सगळं त्या वर्तुळात. मोराला मागाने असं घडवलंय. रोहिताची ती लांब, बारीक, वळणदार मान या पायऱ्यांवर आणायची म्हणजे मोठं कष्टाचं काम.

कष्टाचं आहे, पण अशक्य नाही बरं का. इथेच गिऱ्हाईक येतं.

माधवराव पेशव्यांनी आसावलीचे दुपट्टे मागवल्याचं पत्र आहे. आसावली म्हणजे फुलांची वेल. त्यात रंगसुद्धा सांगितलेत: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. म्हणजे नक्षी ठरलेली, रंग ठरलेले, विणकराकडे उरलं काय? हात! आणि त्या हाताची कमाल आपण आज बघतो. आजही लग्नाच्या बस्त्याला बसलेल्या मावशी 'मोराची दाखवा' असंच म्हणतात. एका पदरामागे महिने घालवायचे आणि रोहित कुणी घेतलाच नाही, तर? घर चालवणारा माणूस हा जुगार खेळत नाही. मला तर यात भित्रेपणा मुळीच दिसत नाही, सरळ हिशोब आहे.

[पडद्यावर: हिमरूचं कापड, सुलटी आणि उलटी बाजू]

पैठणीहून वेगळी गोष्ट हिमरूची. छत्रपती संभाजीनगरचं हे कापड, सुती ताणा आणि रेशमी बाणा. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर आले असं सांगतात. हिमरूवर वेली, फुलं, कोयऱ्या, भौमितिक जाळ्या. माणसं, प्राणी सहसा नाहीत.

जुन्या हिमरू मागावर नक्षी आधीच दोऱ्यांत बांधून ठेवलेली असायची. त्याला जाळा म्हणायचे. एक जण दोऱ्या ओढून नेमके उभे धागे उचलायचा, दुसरा खाली बसून विणायचा. विचार करा, नक्षी बदलायची म्हणजे सगळा जाळा नव्याने बांधायचा! मग एकच वेल पिढ्यान्‌पिढ्या चालणारच. आपण मात्र त्याला सरसकट 'परंपरा जपली' म्हणून टाळ्या वाजवतो. पुढे जकार्ड आलं, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून उभे धागे उचलणारं यंत्र, तेव्हा नक्षी बदलणं सोपं झालं.

पण तोवर गिऱ्हाईकच गेलं. हिमरूच्या शेरवान्या घालायचे ते हैदराबादच्या निजामाच्या दरबारातले लोक. सप्टेंबर 1948 मध्ये ते संस्थान भारतात विलीन झालं. आपल्यासाठी ते मुक्तीचं वर्ष, त्यात दुमत नाही. हिमरूवाल्यांचं मात्र मोठं गिऱ्हाईक त्याच वर्षी गेलं.

तसं मराठवाड्याचं गिऱ्हाईक कायम लांबचंच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावं आहेत. तेरहून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. हे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं. कधी गेलात तर तिथलं लामतुरे संग्रहालय चुकवू नका.

आता अजिंठ्याचं. 'अजिंठा कमळ' नावाची नक्षी पैठणीत आहेच. आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात माणसांच्या अंगावरची वस्त्रं बघा, पट्ट्यापट्ट्यांत हंस आहेत. म्हणजे तिथल्या चित्रकाराने विणकराचं काम बघून भिंतीवर उतरवलं असणार! आपण नेहमी उलटं सांगतो, की लेण्यातून नक्षी कापडावर आली. मला वाटतं देवाणघेवाण दोन्हीकडून झाली असावी.

गिऱ्हाईकच नसेल तर काय होतं, ते बघायचं असेल तर तांड्यावर जा. बंजारा बायांची फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळी, म्हणजे चोळी, बघा. आरसे, कवड्या, लाल-पिवळ्या दोऱ्याचे टाके. ते स्वतः घालायला केलेलं, लेकीला द्यायला केलेलं. कुणाची ऑर्डर नाही, मागाची दोरी नाही. सुई फिरेल तिकडे टाका. म्हणून एकीची कांचळी दुसरीसारखी नसते. शहरातल्या प्रदर्शनासाठी त्याच टाक्यांच्या पर्स बनतात, तिथे मात्र डझनभर एकसारख्या लागतात.

तर पैठणी घ्यायला जाल तेव्हा पहिलं काम, पदर उलटा करा. मागे सुटे, कापलेले धागे दिसले तर तो हातमागाचा खरा पैठणी पदर नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. आणि थेट विणकराकडे गेलात, तर मोर बघून झाल्यावर विचारा, 'तुमच्या मनातली एखादी नक्षी आहे का?' असेल, तर ती विणायला सांगा. फक्त आगाऊ रक्कम द्या, आणि मधेच 'त्यापेक्षा मोरच करा' म्हणून फोन करू नका.